गुरुवारी एक ते दोन

९ जानेवारी, गुरुवार

ही वही मोल्दिरची. आठवीतली, भूगोलाची. पहिल्या चार पानांवर लेकीनं काढलेले नकाशे आहेत. ते फाडले नाहीत. पाचव्या पानापासून मी.

वही लिहायचं कारण: यंदा जे घडणार आहे त्याची नोंद पाहिजे. नंतर लोक विचारतात, मार्देन, हे जमवलंस कसं? तेव्हा नेमकं आठवत नाही.

तर मुद्दा. माझा क्लब ‘सरोवर बल्खाश’. इंटरनेटवरचा फुटबॉल. चौथ्या विभागात पाचवा. खेळाडू खरे नाहीत, पण कष्ट खरे आहेत. बाकीचे लोक खेळाडू विकत घेतात, विकतात. मी घडवतो.

तास्बोलात ओमिर्ताय. मी बोलात म्हणतो. मधल्या फळीत खेळतो. सतरा वर्षांचा असताना माझ्या कुमार संघातून वर आला तेव्हा त्याचं पासिंग ‘बरं’ होतं. आज ‘उत्तम’. पुढची पायरी ‘तरबेज’, त्यापुढची ‘जादूगार’. जादूगार झाला की कझाकस्तानच्या एकवीसखालच्या संघात घेतातच. चौथ्या विभागातल्या क्लबानं आजवर त्या संघाला एकही पोरगा दिलेला नाही. मी देणार.

आज बोलात एकोणीसचा झाला. खेळातलं वर्ष सोळा आठवड्यांचं. म्हणजे २१ ऑगस्टला एकवीस. तोवर बत्तीस गुरुवार. बसतंय गणित.

तालीम गुरुवारी दुपारी एकला लागते. म्हणून नियम केला: गुरुवारी एक ते दोन मला कोणी फोन करायचा नाही. पंपहाउसवर, म्हणजे कामावर, सांगितलं. मोल्दिरला सांगितलं. झाउरेशला दोनदा सांगितलं.

झाउरेश म्हणजे बायको. ती कारागांडाला मोल्दिरकडे आहे. २८ ऑगस्टला नातू झाला, येर्नार. त्याचे चाळीस दिवस करून येते म्हणाली होती. चाळीस दिवस ऑक्टोबरातच भरले. लहान मूल म्हटलं की मागेपुढे व्हायचंच.

१४ जानेवारी, मंगळवार. उणे सत्तावीस.

अल्दियार येऊन गेला. थोरल्या बहिणीचा मुलगा, वय तेहतीस. बल्खाश ते कारागांडा व्हॅन चालवतो. मंगळ, गुरु, शनि सकाळी आठला बाजारापासून सुटतो, दुसऱ्या दिवशी परत. निघण्याआधी दारात येऊन एकच पालुपद: मामा, पुढची सीट रिकामी आहे. बसा. पाच तासांत नातवाच्या पुढ्यात सोडतो.

आज म्हटलं, बोलातची तालीम परवावर आली आहे.

हाही तोच खेळ खेळतो, पण कसा? तिशीतले म्हातारे स्वस्तात घ्यायचे, एक हंगाम पिळायचे, पुढच्याच्या गळ्यात मारायचे. वर मलाच शहाणपण: मामा, तालमीत काही मिळत नाही. एका पोरापायी दोन दोन वर्षं घालवायची आणि शेवटी काय? त्याच्यापेक्षा बरा बाजारात आयता मिळतो.

मी म्हणालो, तयार घोड्यावर कोणीही बसतं. शिंगरू वाढवायला माणूस लागतो.

तो म्हणाला, शिंगरू कॉम्प्युटर वाढवतो, मामा. तुम्ही झोपलात तरी गुरुवारी एकला तालीम लागणारच.

लागते. पण मालकाची नजर असली की वेगळी लागते. हे त्याला कळायला पन्नाशी यावी लागेल.

जाताना झाउरेशनं खिमा भरून करून ठेवलेल्या मांतींपैकी सहा उकडून खाऊन गेला. फ्रीजरचा एकच कप्पा उरलाय आता.

२३ जानेवारी, गुरुवार

१२.३० चहा, खुर्ची, चष्मा. तयारी पूर्ण.

१.०० तालीम.

१.०४ बोलात: ‘उत्तम’. बदल नाही. हरकत नाही. आत मुरत असणार.

१.३० अजून बघतोय. त्याचा चेहरा खेळानं काढलेलाच आहे, पण कपाळ आमच्या घराण्याचं वाटतं.

६ फेब्रुवारी, गुरुवार

बदल नाही.

संध्याकाळी व्हिडिओवर झाउरेश. येर्नार बसायला लागला म्हणाली. दाखवला. बसला होता, मग कलंडला. मी म्हणालो, पाठीचा कणा पक्का होईपर्यंत घाई करू नका, पाया महत्त्वाचा. ती म्हणाली, हे तुम्ही येर्नारबद्दल बोलताय ना?

अर्थातच. दोघांनाही लागू आहे ते.

कधी येतेस विचारायचं राहिलं. तिनंही विचारलं नाही, तुम्ही कधी येताय. पूर्वी विचारायची.

१ मार्च, शनिवार

मांती संपल्या. फ्रीजरमध्ये खाली तिच्या हातची चिठ्ठी निघाली: संपल्या असतील तर आता या. ऑगस्टात निघताना ठेवलेली, ऑक्टोबरात मिळावी अशी. रोज चार खाईन असा तिचा अंदाज असणार. मी जपून खाल्ल्या, त्यामुळे ती मार्चात मिळाली. आता तिला काय उत्तर देणार? चिठ्ठी परत फ्रीजरमध्ये ठेवली.

संकल्प: स्वतः मांती करायला शिकणे.

३ मार्च, सोमवार

मांती केल्या. उकडताना सगळ्या उघडल्या. रस्सा म्हणून खाल्ल्या. चव वाईट नव्हती.

२२ मार्च, शनिवार. नौरुझ.

सगळे कारागांडाला जमलेत. अल्दियार सकाळी साडेसातला हॉर्न वाजवत उभा. बहिणीला मागे बसवलंय, पुढची सीट रिकामी. बहीण खिडकीतून म्हणाली, ये रे, सणाला भिंतींशी बोलत बसणार आहेस का?

म्हटलं, आज मॅच आहे. बोलात नव्वद मिनिटं खेळला नाही तर गुरुवारची तालीम लागू होत नाही.

बहीण म्हणाली, बोलात कोण?

अल्दियारनं गाडी सुरू केली.

समोरच्या बाईनं नौरुझची खीर आणून दिली, सात जिनसांची. ही एकट्यानं खायची गोष्ट नाही म्हणाली. दारात थोडा वेळ उभी राहिली. मीही उभा राहिलो. मग गेली.

मॅच २-२. बोलात नव्वद मिनिटं खेळला. नंतर वाडगा घेऊन कॉम्प्युटरपुढे बसलो आणि अख्खी खीर संपवली. पोट बिघडलं.

२४ एप्रिल, गुरुवार

बदल नाही. सोळा गुरुवार गेले.

सरोवराचा बर्फ फुटला. दिवसभर खिडकीतून कडकड आवाज. दरवर्षी झाउरेश म्हणते, ऐका, हिवाळ्याची हाडं मोडतायत. यंदा कोणी म्हणालं नाही, म्हणून मीच मोठ्यानं म्हणून पाहिलं. बरं नाही वाटलं.

संकल्प: मे महिन्यात कारागांडाला जाणे. एक आठवडा. गुरुवार सोडून.

१५ मे, गुरुवार

जाणं जमलं नाही. शुक्रवारी निघून बुधवारी परतायचं असं ठरवलं होतं. पण अल्दियार शुक्रवारी जात नाही आणि शनिवारी मॅच. बसनं जाता येतं, पण बसनं पाठ धरते.

मोल्दिर फोनवर म्हणाली, बाबा, मी शाळेत असताना स्कीइंगच्या शर्यतीत धावायचे, आठवतं? तुम्ही एकदाही आला नाहीत. दर वेळी शिफ्ट असायची. आता तर तुम्ही एक दिवस कामावर आणि तीन दिवस घरी.

म्हटलं, तू कितवी यायचीस?

ती म्हणाली, ते विचारायला अठरा वर्षं लागली तुम्हाला.

मग सांगितलं नाहीच. मला वाटतं दुसरी यायची. तिसरी असेल. नक्की आठवत नाही, कारण मी नव्हतोच.

१२ जून, गुरुवार

एकवीसखालच्या संघाच्या प्रशिक्षकाचा निरोप आला! खऱ्या आयुष्यात कोस्तानायचा कोणी शाळामास्तर आहे. दोन ओळी: तुमच्या ओमिर्तायवर लक्ष आहे. जादूगार होऊ दे, मग बोलू.

अल्दियारला पाठवला. त्यानं अंगठा पाठवला. जळतोय.

झाउरेशला फोनवर वाचून दाखवला. ती म्हणाली, छान. मग म्हणाली, येर्नार पलंगाला धरून उभा राहतो आता. मी म्हणालो, छान. दोघांनी एकमेकांना छान म्हटलं. 

१० जुलै, गुरुवार. ऐतिहासिक दिवस.

सविस्तर लिहितो.

१.०० तालीम.

१.०१ पान उघडतंय. तेवढ्यात फोन. झाउरेश. व्हिडिओ. गुरुवार, एक वाजून एक मिनिट! नियम माहीत असून! चुकून उचलला गेला. ती काहीतरी जोरात सांगत होती, फोन हलत होता, जमीन, पाय, परत जमीन. माझं लक्ष पानावर. पान उघडलं.

‘तरबेज.’

मी खुर्चीतून उठलो आणि ओरडलो: शाब्बास रे माझ्या वाघा! डोळ्यांत पाणी आलं. खरंच आलं. सव्वीस गुरुवार वाट बघितली होती.

फोनमध्ये एकदम सगळे रडायला लागले. मोल्दिर रडत होती, झाउरेश रडत होती. झाउरेश म्हणाली, मला माहीत होतं, तुम्हाला असं होणार. म्हणून नियम मोडून लावला. बघितलंत ना? तीन पावलं टाकली. एकटा. काही न धरता.

येर्नार चालला होता.

मी हो म्हणालो. मग काय म्हणणार? झाउरेश म्हणाली, वर्षभरात पहिल्यांदा तुमचा असा आवाज ऐकला.

इथपर्यंत ठीक होतं. पण तिनं विचारलं, समोर काय उघडं आहे, चष्म्यात काहीतरी हिरवं दिसतंय. खोटं बोलायची मला सवय नाही. सांगितलं. आणि सांगता सांगता म्हणालो की एक ते दोन फोन करू नका म्हणून मी जानेवारीपासून सांगतोय, ही शिस्तीची गोष्ट आहे. आवाज थोडा चढला असेल.

ती शांतपणे म्हणाली, बरं. पुन्हा नाही करणार.

समजूतदार आहे ती तशी.

१६ जुलै, बुधवार

अल्दियार आला. इस्त्रीचा शर्ट, डोक्यावर टोपी. मानाच्या जागी बसवत होतो तर बसला नाही, दाराजवळ खाली बसला. चहाला हात लावला नाही. म्हणाला, मामा, तेहतीस वर्षांत मी तुमच्याकडे भाच्याच्या हक्कानं काही मागितलेलं नाही. आज मागतो.

भाच्याचा हक्क! तीन वेळा मागायचा अधिकार आणि मामानं नाही म्हणायचं नसतं. माझ्या वडिलांनी त्यांच्या भाच्याला चालता घोडा खोगिरासकट दिला होता आणि सात कोस पायी घरी आले होते. भाच्याला नकार देणाऱ्याचा हात जन्मभर थरथरतो म्हणतात.

मला वाटलं, होडीचं इंजिन मागतोय. मनातून दिलंही होतं.

तो म्हणाला, बोलात द्या.

मी म्हणालो, पुन्हा सांग.

तो म्हणाला, बोलात. तुमचा तास्बोलात. माझ्या क्लबाला. आजच.

 पाच गुरुवार उरलेत. पाच! सोन्यासारखा पोरगा. पण दुसरा विचार आला आणि छाती भरून आली. जो माणूस सहा महिने तालमीला नावं ठेवत होता, तो आज टोपी घालून, जमिनीवर बसून, तालमीतून घडलेला खेळाडू मागतोय. मिळालं की उत्तर! तालीम फळते. यापेक्षा मोठा पुरावा कोणता?

दिला. भेटीला किंमत लावत नाहीत, पण खेळात शून्य लिहिता येत नाही. एक लिहिला. बटण दाबताना हात थरथरला. नकार दिला नव्हता, तरी थरथरला.

अल्दियार गेल्यावर क्लब उघडून पाहिला. मधल्या फळीत रिकामी जागा. ती दिसली आणि रडू आलं. या घरात आता माझ्याशिवाय खरंच कोणी नाही.

१९ जुलै, शनिवार

खेळाच्या चौकशी समितीची नोटीस! ‘संशयास्पद बदली. तरबेज खेळाडू, किंमत एक. दोन्ही क्लब एकाच गावातले.’ बदली रद्द. खेळाडू सहा आठवडे कुलुपात: मॅच नाही, तालीम नाही. खुलासा पाचशे अक्षरांत द्यावा.

दुपारभर बसून खुलासा लिहिला: ‘महोदय, अर्जदार क्रमांक दोन हा माझ्या सख्ख्या बहिणीचा मुलगा. त्यानं रीतीनं मागितलं. मी नाही म्हणू शकत नव्हतो. माझ्या वडिलांनी घोडा दिला होता. त्याच्या खोगिराची किंमतही कोणी विचारली नव्हती. यात लबाडी असेल तर आमच्या सात पिढ्या लबाड ठरतात. कळावे.’

पाचशेच्या आत बसला.

२० जुलै, रविवार

समितीचं उत्तर: ‘नियम चौदा. खेळात नातेवाईक ही बाब विचारात घेतली जात नाही.’

काय पण वाक्य आहे.

कुलूप ३० ऑगस्टपर्यंत. बोलात २१ तारखेला एकवीसचा होतो.

२४ जुलै, गुरुवार

एक वाजता सवयीनं बसलो. तालीम लागली. बोलातपुढे कुलपाचं चित्र.

संध्याकाळी मोल्दिर. येर्नार आता घरभर चालतो. दोन ऑगस्टला त्याच्या पायाचा दोरा कापायचा. याल ना, बाबा?

मी लगेच हो म्हणालो. तिनं दोनदा विचारलं, नक्की ना?

पायाचा दोरा! पोरगं चालायला लागलं की त्याचे घोटे काळ्या-पांढऱ्या दोऱ्यानं बांधतात आणि एका माणसाकडून तो कापून घेतात. कोणाकडून? तर ज्याच्यासारखं पोरानं व्हावं असं वाटतं त्याच्याकडून. आता यात विचारण्यासारखं काही आहे का? आजोबा एकच. दुसरे आजोबा वारलेत.

वडिलांची सुरी काढली. हरणाच्या शिंगाची मूठ. धार लावली.

२९ जुलै, मंगळवार

पुन्हा धार लावली. बुटाची जुनी नाडी दोन खुर्च्यांच्या पायांना बांधून कापून पाहिली. एका झटक्यात. दोन शब्द बोलायला सांगतील, तेही तयार आहेत: चिकाटी, पाया, घाई न करणं.

२ ऑगस्ट, शनिवार. कारागांडा, मोल्दिरच्या घरी. सगळे झोपलेत म्हणून स्वयंपाकघरात लिहितोय.

अल्दियारच्या व्हॅनमध्ये पुढच्या सीटवर बसून आलो. सीट ऐसपैस आहे. वर्षभर रिकामी होती, तिच्यावर घोंगडी घातलेली.  समितीचा राग मनात होता.

झाउरेश बारीक झालीय. केस कापलेत. कधी कापले विचारलं. मार्चात, म्हणाली. व्हिडिओवर कळलं नव्हतं.

येर्नारला मांडीवर घेतलं. तो माझ्याकडे बघत राहिला. मग माझ्या गालावर बोट ठेवून एका बाजूला सरकवलं, फोनवर चित्र सरकवतात तसं. मी हललो नाही. त्यानं पुन्हा सरकवलं. मग रडायला लागला. सगळे हसले. मीही हसलो.

दुपारी दोरा. अंगणात सतरंजी. बायकांनी गोड गोळ्या उधळायला पदरात घेतलेल्या. मी पुढेच उभा होतो, सुरी खिशात, हात पुसून. मोल्दिरनं कात्री घेतली, माझ्या समोरून गेली आणि ती अल्दियारच्या हातात दिली.

तो मागे सरला. माझ्याकडे बघून म्हणाला, मामा असताना मी कसा?

मोल्दिर सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, माझ्या पोराचे पाय आपल्या माणसांच्या दाराकडे वळणारे व्हावेत. वर्षभर आठवड्यातून तीन वेळा हा आमचं दार वाजवत होता. कधी मासे, कधी दूध, कधी नुसतंच बघायला. काप, दादा.

त्यानं कापला. येर्नार चालला. झाउरेशकडे गेला. गोळ्या उधळल्या. एक माझ्या खांद्यावर पडली, ती खाल्ली.

विचार केला तर सुरी फार धारदार होती. लहान मुलाच्या पायाजवळ नकोच. मोल्दिरनं बहुतेक तो विचार केला असावा.

३ ऑगस्ट, रविवार

परत. बल्खाश जवळ आलं, सरोवर दिसायला लागलं तेव्हा अल्दियार म्हणाला, मामा, एक सांगतो, रागावू नका. बोलात मला नको होता. मोल्दिर म्हणाली, बाबांकडून तो पोरगा काढून घे, त्याशिवाय ते घरातून निघायचे नाहीत. म्हणून हक्क लावला. माझ्या क्लबात तर मधल्या फळीत जागाच नाहीये.

मी म्हणालो, मग तू त्याला बाकावर बसवणार होतास?

तो म्हणाला, मामा.



७ ऑगस्ट, गुरुवार

झाउरेशचा फोन, संध्याकाळी सहाला. एक सप्टेंबरपासून तिला कारागांडाच्या एका बालवाडीत स्वयंपाकाचं काम मिळालंय. मोल्दिर कामावर जाणार, येर्नारही त्याच बालवाडीत. म्हणजे ती येत नाही. हे तिनं असंच सांगितलं, भाजीत मीठ किती घालायचं ते सांगतात तसं.

म्हणाली, तुम्ही या इथं. पंप तिकडेही आहेत.

म्हटलं, बघतो.

ती म्हणाली, बघा.

तीस वर्षांच्या संसारात ती माझ्यावर कधी चिडली नाही असं नाही. चिडायची तेव्हा बरं होतं.

मला ती इथं हवी आहे. हे वहीत लिहिलं, कारण फोनवर म्हणता आलं नाही.

२१ ऑगस्ट, गुरुवार

बोलात एकवीसचा झाला. कुलुपात. पासिंग ‘तरबेज’.

कोस्तानायच्या मास्तरांना कळवलं. त्यांनी उत्तर दिलं: आमची मधली फळी जूनमध्येच भरली होती, पण शुभेच्छा.

म्हणजे जूनमध्येच.

संकल्प, आणि हा शेवटचा: पुढच्या गुरुवारी येर्नारचा पहिला वाढदिवस. गुरुवार असला तरी जाणार. कोणाला सांगणार नाही. दार वाजवीन, झाउरेश उघडेल. तिला म्हणणार आहे, पंपहाउसवर राजीनामा देतो, तिकडे बघू काय मिळतं ते. वाक्य पाठ केलंय.

२७ ऑगस्ट, बुधवार

पिशवी भरली. धुरावलेले दोन मासे. लाल चेंडू, खरा. सुरी नाही घेतली. राजीनाम्याचा कागद लिहून खिशात.

फ्रीजरमधली चिठ्ठी काढून तीही खिशात ठेवली. संपल्या असतील तर आता या. तिला दाखवीन. म्हणीन, आलो.

२८ ऑगस्ट, गुरुवार

७.४० बाजारापाशी पोचलो. व्हॅनपाशी ही गर्दी. कॉलेजची पोरं, गाद्या, सूटकेसेस. एक तारखेला कारागांडातली कॉलेजं उघडतात. पुढच्या सीटवर एक जाड बाई, मांडीवर शिवणयंत्र.

अल्दियारनं मला पाहिलं आणि त्याचा चेहरा पडला. म्हणाला, मामा, काल एक फोन केला असता तरी चाललं असतं. वर्षभर ती सीट कोणाला दिली नव्हती. मारामारी झाली तरी दिली नव्हती. दोन ऑगस्टनंतर म्हटलं, आता कशाला ठेवायची.

म्हटलं, काही नाही रे, मी सहज आलो होतो. मासे तेवढे तिकडे दे. चेंडूही दिला. तो म्हणाला, कोणाला उतरवू का? ती बाई शिवणयंत्र घट्ट धरून बसली. म्हटलं, नको, शनिवारी बघू. बसही तोवर गेली होती.

९.१५ घरी.

१२.३० चहा केला. मग लक्षात आलं की आज तयारी करायचं काही कारण नाही.

१.०० कॉम्प्युटर लावला नाही. फोन समोर ठेवला. वाढदिवस आहे, आता करतील. केक कापताना करतात.

१.२० नाही.

१.३५ एवढ्या गर्दीत गाडी उशिरा निघाली असणार, मासे अजून वाटेतच असतील. ते पोचले की कळेल त्यांना. पण वाढदिवसाचा फोन माशांवर थोडाच अवलंबून असतो.

१.४० आत्ता उमगलं. गुरुवार आहे. एक ते दोन मला फोन करायचा नाही. मीच सांगितलंय, दोनदा, तीनदा, ओरडून. झाउरेश एकदाच चुकली, पोरगं चाललं तेव्हा. त्यानंतर सात गुरुवार, एकदाही नाही. बोलातला दोन वर्षांत जमलं नाही ते यांना आठ महिन्यांत जमलं. अल्दियारला सांगितलं पाहिजे, तालीम फळते.

१.५० मीच लावतो. नियम त्यांच्यासाठी आहे, माझ्यासाठी नाही. वाक्य पाठ आहे.

१.५८ लावला. मोल्दिरनं उचलला. मागे टाळ्या, लहान मुलं. तिचा आवाज एकदम घाबरा: बाबा? काय झालं? पंपावर काही झालं का?

म्हटलं, नाही, काही नाही.

ती म्हणाली, मग या वेळेला?

मागे झाउरेश विचारत होती, कोण आहे गं?

मी म्हणालो, चुकून लागला.

मोल्दिर म्हणाली, हं, घाबरलेच मी. तुमची तालीम होऊ द्या बाबा, दोननंतर करते.

२.४५ अजून नाही. घरात पाहुणे असतील.